कागदावर घनवस्तू कशी उभी राहते?

कागदाला लांबी आहे, रुंदी आहे. जाडी म्हणाल तर नसल्यासारखीच. त्या कागदावर हात घालून उचलावासा वाटेल असा ठोकळा काढायचा, हे काम चित्रकलेची देणगी लाभलेल्यांचे, अशी आपली समजूत असते. ती मला मान्य नाही. ज्याच्या घरात मुलांची कंपासपेटी आहे, त्याला हे आज रात्री जेवणानंतर जमेल.

कंपास पाच सेंटिमीटर उघडून एक वर्तुळ काढा. उघडलेला कंपास तसाच ठेवून वर्तुळाच्या बरोबर माथ्यापासून खुणा करीत चला; सहाव्या खुणेला तुम्ही पुन्हा माथ्यावर याल. या सहा खुणा पट्टीने जोडल्या की षट्कोन झाला. आता मध्यबिंदूपासून तीनच रेघा काढा: एक अगदी खालच्या खुणेपर्यंत, आणि दोन माथ्याच्या डाव्या-उजव्या खुणांपर्यंत. वर्तुळ खोडून टाका. समोर ठोकळा उभा आहे!

मात्र त्याच्याकडे थोडा वेळ टक लावून पाहा. ठोकळा एकाएकी उलटतो, आणि आपण खोलीत उभे राहून छताचा कोपरा पाहतो आहोत असे वाटू लागते. रेघा त्याच, डोळ्याने अर्थ बदलला. त्याला एका अर्थावर आणायचे तर वरची बाजू कोरी ठेवा, डावीवर विरळ रेघा ओढा, उजवीवर दाट. उजेड वरून येतो ही डोळ्याची जन्माची सवय आहे, त्यामुळे तो या छायेवर विश्वास ठेवतो आणि ठोकळा बहुधा जागेवर राहतो.

खोली दाखवण्याची दुसरी एक रीत आपल्या अधिक परिचयाची आहे. रेल्वेचे रूळ दूरवर एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात. या दिसण्याचा नियम इटलीतील फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीने प्रयोगाने दाखवला आणि आल्बेर्तीने १४३५ साली ग्रंथात मांडला. त्याला यथार्थदर्शन म्हणतात. चित्रकाराला ते मोलाचे, पण सुताराला त्याचा उपयोग थोडा, कारण दूरचे लहान होत गेल्यामुळे अशा चित्रावर पट्टी ठेवून माप घेता येत नाही. आपल्या ठोकळ्यावर ते घेता येते. त्याच्या तिन्ही दिशांना माप सारखेच, म्हणून या पद्धतीला आयसोमेट्रिक, म्हणजे सम-मापाची, असे नाव पडले.

हे नाव रूढ करणारा विल्यम फॅरिश हा इंग्लंडात केंब्रिजला प्राध्यापक होता. व्याख्यानांत यंत्रांचे नमुने दाखवायची त्याची पद्धत होती. सगळे नमुने ठेवायला जागा कोठून आणणार? तेव्हा तेच सुटे भाग जोडायचे, व्याख्यान झाले की सोडवायचे, आणि त्यांतूनच पुढचे यंत्र उभे करायचे. ही जोडणी करीत त्याचे मदतनीस. काय कोठे बसते हे त्यांना पाहताक्षणी कळावे म्हणून त्याने अशा आकृत्या काढल्या, आणि १८२२ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. प्राध्यापकाच्या नावाने ओळखली जाणारी ही विद्या मुळात जोडणी करणाऱ्या हातांसाठी निघाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

याउलट कारखान्यातील नेहमीच्या ड्रॉइंगात वस्तू वरून, समोरून आणि बाजूने अशी तीन तुकड्यांत दाखवतात. ती मनात जोडता आली नाहीत, तर वीस वर्षे यंत्रावर उभा असलेला माणूसही कोणीतरी समजावून सांगेपर्यंत थांबून राहतो. ज्या शास्त्रावर हे ड्रॉइंग उभे आहे ते फ्रान्सच्या गास्पार मोंजने लष्करी शाळेत रचले आणि कित्येक वर्षे लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवण्यात आले. त्याने ते उघडपणे शिकवले ते १७९५ साली. गुपित कागदावरून उठले. कामगारांच्या बाबतीत ते पुरते उठले आहे असे मला वाटत नाही.

एका कारखान्यात प्रेसच्या संरक्षक जाळीबद्दलची आमची तक्रार तीन महिने पडून होती. आम्ही लिहीत होतो, 'बाजूने हात आत जातो'. उत्तर येत होते, 'जाळी बसवलेली आहे'. दोन्ही विधाने खरीच होती. अखेर आमच्यातल्या एका फिटरने कंपासपेटीतला तीस-साठचा गुण्या घेऊन प्रेस, जाळी आणि मधली फट अशीच सम-मापाने काढली व फटीवर आकडा घातला: ७० मिलिमीटर. बैठकीत साहेबांनी तो कागद पाहिला, मग स्वतःचा पंजा आडवा धरून पाहिला. जाळी पंधरवड्यात बदलली. संगणकावर आज यापेक्षा सुबक चित्रे निघतात, फिरवूनही पाहता येतात. पण त्या बैठकीत संगणक त्यांच्या बाजूला होता.

आता एक अडचण. ठोकळा येतो, पण डबा किंवा चाक काढताना हात अडतो, कारण इथे गोल लांबट होतो. त्याची युक्ती अशी. ठोकळ्याची वरची बाजू घ्या. तिचे दोन कोपरे बोथट आहेत, दोन टोकदार. चारही कडांचे मध्य काढा. प्रत्येक बोथट कोपऱ्यापासून समोरच्या दोन कडांच्या मध्यांपर्यंत फिकट रेघा ओढा. कंपासचे टोक बोथट कोपऱ्यावर ठेवून त्या दोन मध्यांना जोडणारा मोठा कंस काढा; दुसऱ्या बोथट कोपऱ्यावरूनही तसाच. फिकट रेघा जेथे एकमेकींना छेदतात त्या दोन बिंदूंवर टोक ठेवून उरलेले दोन लहान कंस पुरे करा. झाले डब्याचे झाकण. बूड याच रीतीने खालच्या बाजूवर काढा आणि दोन्ही बाजूंना उभी रेघ ओढून ती दोन्ही जोडून घ्या.