टीव्हीखालचा ड्रॉवर उघडा!

या शनिवारी दौंडच्या शटलनं किंवा शिरूरच्या एसटीनं घरी गेलात की टीव्हीखालचा ड्रॉवर उघडा. आईबाबांच्या सिनेमांच्या डीव्हीडी असतील. त्यातले काही ओटीटीवर शोधून सापडत नाहीत, बरं का! २००३मध्ये एफटीआयआयच्या आवारातल्या आगीत प्रभातच्या जुन्या फिल्म्स जळाल्या. इथे तर एक ओरखडाही पुरतो.

म्हणून घरापुरती एक कॉपी कराच. आधी कम्प्युटरवर साइज बघा. साधी कोरी डिस्क ४.७ जीबीची, सिनेमा बऱ्याचदा त्याहून मोठा. कोंबून बसवला तर चित्र फिसकटतं. ८.५ जीबीची ड्युअल लेयर घ्या, कमी स्पीडला बर्न करा. उन्हात मात्र ठेवू नका, आतला रंगाचा थर खराब होतो. मध्येच चित्र क्षणभर थबकलं तर घाबरू नका, प्लेअर दुसऱ्या थरावर जातोय.