रक्तातील वायूंची वाहतूक

नागपूरकडून हावड्याकडे जाताना दुर्गच्या पुढे भिलाई पॉवर हाउस हे स्थानक लागते. त्याच्या परिसरात भिलाईचा प्रसिद्ध पोलाद कारखाना आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टीला जशी हवा लागते, तशीच ती मनुष्यदेहालाही लागते. शरीरात अन्नाचे मंद ज्वलन अहोरात्र चालू असते. अन्नाचा साठा देह करू शकतो. प्राणवायूचा साठा मात्र काही मिनिटांपुरताच असतो. म्हणून त्याची ने-आण अखंड चालावी लागते.

ही देवघेव फुफ्फुसांत होते. तेथे कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असून प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांमधील पडदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्यातून वायू ओढून नेणारे कोणतेही यंत्र नाही. पाणी जसे उंचावरून सखलाकडे वाहते, तसा वायू अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातो. वायुकोशात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर, तर तेथे येणाऱ्या रक्तात सुमारे ४० असतो. म्हणून प्राणवायू रक्तात शिरतो. कार्बन डायऑक्साइड त्याच नियमाने उलट दिशेने बाहेर पडतो.

परंतु पाण्यात प्राणवायू फारच थोडा विरघळतो. म्हणून तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन हे लोहयुक्त द्रव्य शेकडा ९८ भाग प्राणवायू वाहून नेते. त्याच्या एका रेणूत प्राणवायूच्या चार रेणूंना जागा असते. परतीच्या वाटेवर कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग मात्र बायकार्बोनेटच्या रूपाने येतो.

या व्यवस्थेचे मर्मस्थान हिमोग्लोबिनच होय. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जागा अडवून तो थांबत नाही. उरलेला प्राणवायूही ऊतींना सहजी सुटू देत नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाईत पाण्याच्या पंपगृहात बिघाड झाला, झोतभट्टीचा वायू बाहेर पसरला आणि सहा जण प्राणास मुकले. मृतांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते.

जाणत्या माणसांनाही हा वायू कसा फसवतो? श्वासाची ओढ मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने लागते. प्राणवायूची पारख करणारी मानेतील केंद्रेही त्याचा दाब पाहतात, साठा मोजत नाहीत. आणि येथे दाब जवळजवळ पूर्ववत राहतो. परिणामी जीव घुसमटत नाही. डोके दुखते, मळमळते, पाय लटके पडतात, आणि मग शुद्ध हरपते.

अशा माणसाला प्रथम मोकळ्या हवेत आणावे लागते. मात्र साहाय्यास धावणाऱ्याने श्वसनसाधनावाचून आत शिरणे म्हणजे दुसरा बळी देणे होय. मोकळ्या हवेत विषारी वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम सुमारे तासा-दीड तासात होते.

हा धोका कारखान्यापुरता नाही. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून खोलीत पेटती शेगडी ठेवली, तर तिच्यातूनही हाच वायू निघतो. उबेने झोप लागते, आणि जागे करणारी घुसमट येतच नाही. म्हणून शेगडी निजण्यापूर्वी बाहेर ठेवावी, आणि खिडकीची एक फट उघडी असावी.