‘टॉप गिअर’ची अमेरिकी फेरी

दूरचित्रवाणीवरील गाजलेला कार्यक्रम परदेशात नेणे आता नवलाचे राहिलेले नाही. ‘कौन बनेगा करोडपती’चा मूळ साचाही ब्रिटिशच. परंतु साचा विकत घेता येतो, त्यातील माणसे नाहीत. अमेरिकी ‘टॉप गिअर’चा पहिला भाग पाहताना हेच प्रकर्षाने जाणवते.

बीबीसीचा ‘टॉप गिअर’ १९७७ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो वाहनांची माहिती देणारा सरळसाधा कार्यक्रम होता. २००२ मध्ये जेरेमी क्लार्कसन आणि निर्माते अँडी विल्मन यांनी त्याचा कायापालट केला. डन्सफोल्डच्या विमानतळावरील चाचणीमार्ग, हेल्मेटआड चेहरा लपवणारा ‘स्टिग’, स्वस्त गाडीतून फेरी मारणारे नामवंत पाहुणे आणि सूत्रसंचालकांची थट्टामस्करी हा त्याचा नवा साचा ठरला. ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये त्याची आवृत्ती काढली. अमेरिकेत एनबीसीने चाचणी-भाग करून घेतला, पण मालिका पुढे नेली नाही. अखेर २१ नोव्हेंबर २०१० रोजी ती ‘हिस्टरी’ वाहिनीवर अवतरली.

सूत्रसंचालक तिघेच: विनोदवीर अ‍ॅडम फेरारा, शर्यतपटू टॅनर फॉस्ट आणि मोटारशर्यतींचे समालोचक रटलेज वूड. कॅलिफोर्नियातील एल टोरो या जुन्या लष्करी विमानतळावर मार्ग आखला गेला. पहिल्याच भागात डॉज व्हायपरचा पाठलाग कोब्रा हेलिकॉप्टरने केला. दृश्य थरारक खरे. मात्र गाडी कशी आहे, हे त्यातून फारसे उमगत नाही. त्याउलट चंद्रावर पाऊल ठेवणारे बझ ऑल्ड्रिन ऐंशीव्या वर्षी सुझुकीच्या छोट्या एसएक्स-४ मध्ये बसतात, तेव्हा मूळ कार्यक्रमातील खट्याळपणा नेमका साधला जातो.

उणीव भासते ती संवादांत. तिघांचे विनोद पाठ केल्यासारखे वाटतात. फॉस्ट गाडी चालवतो तेव्हा निष्णात असतो; बोलू लागला की अवघडतो. शिवाय व्यावसायिक वाहिनीवर जाहिरातींसाठी वारंवार थांबावे लागते. ब्रिटनमध्ये परवाना शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीला ती अडचण नाही. तिथे गोष्ट सावकाश रंगते आणि गाडीला नावे ठेवताना कोणा जाहिरातदाराची आठवण ठेवावी लागत नाही.

तरीही पहिल्या भागावरून निकाल देणे अन्यायाचे ठरले असते. ब्रिटिश त्रिकूट तरी एका दिवसात कुठे जमले होते? जेम्स मे त्यात आले ते २००३ मध्ये, दुसऱ्या पर्वात. अमेरिकी तिघांनाही वेळ मिळाला आणि त्यांची मालिका २०१६ पर्यंत सहा पर्वे चालली.

गंमत अशी, की पुढे हाच प्रश्न मूळ कार्यक्रमापुढे उभा राहिला. मार्च २०१५ मध्ये बीबीसीने क्लार्कसन यांचा करार वाढवला नाही. रिचर्ड हॅमंड आणि मे त्यांच्या पाठोपाठ गेले. चाचणीमार्ग होता, स्टिग होता, नाव होते. पण सूत्रसंचालक नवे. अँड्र्यू फ्लिंटॉफ यांच्या डिसेंबर २०२२ मधील गंभीर अपघातानंतर चित्रीकरण थांबले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने नजीकच्या काळासाठी कार्यक्रम स्थगित केला. माणसे बदलली, की स्वदेशातील कार्यक्रमालाही आपलीच नक्कल करावी लागते. अमेरिकी आवृत्तीला हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही.