मिळमिळीत म्हणजे काय? : जपानी जेवणाची चव

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, जपानी जेवणाचं जगभर एवढं कौतुक होतं, पण ते तर मिळमिळीत असतं. मग त्यात आवडण्यासारखं आहे तरी काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तराआधी मला एक कबुली द्यायला हवी.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी मी क्योतोला गेलो होतो. थंडीचे दिवस होते. यजमान प्राध्यापक मला युदोफू खायला घेऊन गेले. युदोफू म्हणजे काय, तर कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची पट्टी घातलेल्या पाण्यात हलकेच गरम केलेला टोफू. सोबत बुडवून खायला सोया सॉस, थोडी कांद्याची पात, किसलेलं आलं. मी एक घास खाल्ला आणि पिशवीतून घरून नेलेली लोणच्याची बाटली काढली. यजमान हसले, बोलले काहीच नाहीत. मला वाटलं, मी जेवण वाचवलं. खरं म्हणजे मी ते जेवलोच नव्हतो.

आता बघा, माझी चूक नेमकी कुठे झाली? आपल्या स्वयंपाकात चवीचं वाहन तेल आहे. मोहरी, हिंग, जिरं यांचा वास तेलात उतरतो आणि ती फोडणी सगळ्या पदार्थात पसरते. जपानी स्वयंपाकात हे काम पाणी करतं. त्या पाण्याला म्हणतात 'दाशी'. कोंबू थंड पाण्यात भिजत घालायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचा. मग त्यात कात्सुओबुशी घालायची. हा एक मासा असतो, उकडून, धुरी देऊन इतका वाळवलेला की लाकडासारखा टणक होतो. सुताराच्या रंध्यासारख्या हत्यारावर त्याचे पातळ पापुद्रे काढतात. ते मिनिट-दोन मिनिटं पाण्यात ठेवायचे, गाळायचं, झालं. आपला रस्सा तासभर आटतो, हे काही मिनिटांत संपतं. दिसायला जवळजवळ पाणीच! पण सूप, भाज्या, नूडल्स, सगळ्यांच्या खाली हे पाणी असतं.

मग त्या पाण्यात असतं काय? हाच प्रश्न टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना पडला. १९०८ साली त्यांनी कोंबूमधून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि म्हणाले, ही गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कुठलीच चव नाही, ही वेगळीच आहे. तिला त्यांनी 'उमामी' असं नाव दिलं. टोमॅटो, चीज, मांस यांतही ती असते. पुढे १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीमधलं इनोसिनेट शोधलं. आणि इथे एक गंमत आहे. ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चव नुसती दुप्पट होत नाही, कित्येक पटींनी वाढते. म्हणजे जपानी स्वयंपाकी शेवाळ आणि मासा यांची जी जोडी पिढ्यान्‌पिढ्या जमवत होते, तिचं कारण प्रयोगशाळेत विसाव्या शतकात कळलं. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर 'अजिनोमोटो' नावाची पांढरी पूड वापरतात ना, ती इकेदांच्याच शोधातून १९०९ साली बाजारात आली.

पण रसायन सांगितलं म्हणजे आनंद समजला असं होत नाही. त्यासाठी मी तुम्हाला तेराव्या शतकात नेतो. दोगेन नावाचे जपानी झेन आचार्य तरुणपणी, १२२३ साली, अभ्यासासाठी चीनला गेले. जहाज बंदरात असताना एका मठाचा म्हातारा आचारी खरेदीला तिथे आला. त्या मठाच्या डोंगराचं नाव आपल्या सम्राट अशोकावरून पडलेलं, हे जाता जाता सांगतो. दोगेननी विचारलं, या वयात स्वयंपाकाची दगदग कशाला, ध्यान का करत नाही? म्हातारा हसला आणि म्हणाला, साधना म्हणजे काय ते तुला अजून कळलेलं नाही. ही गोष्ट दोगेन विसरले नाहीत. १२३७ साली त्यांनी मठातल्या आचाऱ्यासाठी 'तेन्झो क्योकुन' हा छोटा ग्रंथ लिहिला, त्यात ती आहे.

त्याच ग्रंथात सहा चवींचा उल्लेख येतो. तुम्ही म्हणाल, षड्रस तर आपलेच. बरोबर, पण यादी ताडून बघा. आपली सहावी चव कषाय, म्हणजे तुरट. त्यांची सहावी चव आहे सौम्य. फिकी. आपल्या भाषेत 'अळणी' हा शब्द 'अलवण' वरून आला, म्हणजे मीठ नसलेलं. तो अभाव सांगणारा शब्द आहे. दोगेनच्या यादीत फिकेपणा हा अभाव नाही, ती स्वतःच्या पायावर उभी असलेली चव आहे. माझ्या मते जपानी जेवण समजायची किल्ली इथे आहे. टोफू टोफूसारखा लागला पाहिजे, मुळा मुळ्यासारखा. दाशी त्या चवीला खालून हात देते, तिच्यावर चढून बसत नाही.

जेवायची रीतही याला धरूनच आहे. पारंपरिक जेवण म्हणजे भात, एक सूप, तीन पदार्थ आणि लोणचं. आपण वरणभात ताटात कालवतो. ते तोंडात कालवतात! पदार्थाचा एक घास, मग पांढऱ्या भाताचा घास, मग सूपचा घोट. मेळ जेवणाऱ्याने घालायचा. म्हणजे शेवटची कृती आचाऱ्याची नाही, आपली असते. लक्ष दिलं नाही तर पदार्थ अर्धाच राहतो. २०१३ साली युनेस्कोने 'वाशोकू' म्हणजे जपानी खाद्यसंस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तीही एखाद्या पाककृतीसाठी नव्हे, तर ऋतू, निसर्ग आणि सण यांच्याशी जोडलेल्या या साऱ्या रीतीसाठी.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी भाबडा ठरेन. सगळं जपान असं जेवत नाही. रामेनमध्ये चरबी असते, तेंपुरा तळलेला असतो, आणि तिथली करी तर चांगली मसालेदार. शिवाय फिकं म्हणजे कमी मीठ असंही समजू नका. मिसो, सोया सॉस, लोणची यांत मीठ भरपूर. डॉक्टरांनी मला दोन वर्षांपूर्वी मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हा हा विषय माझ्यासाठी केवळ पुस्तकी राहिला नाही. पहिले काही आठवडे मी रोज कुरकुर केली. मग हळूहळू दुधी भोपळ्याला दुधीची चव असते, हे मला पंचाहत्तरीत समजलं.

तेव्हा त्या श्रोत्यांना माझं उत्तर एवढंच. पुढच्या वेळी असं सूप समोर आलं, तर पहिला घोट काहीही न घालता घ्या. गिळल्यावर क्षणभर थांबा, कारण उमामी जिभेवर रेंगाळते. तरीही आवडलं नाही, तर खुशाल मिळमिळीत म्हणा. मी मात्र तेवढंही थांबलो नव्हतो. क्योतोला गेलो आणि तिथून आमच्याच लोणच्याची चव घेऊन परत आलो.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.