पिठ्या ढेकूण आणि वारा

पपईच्या पानामागील शिरांवर किंवा फळाच्या देठाशी कधी कधी पीठ भुरभुरावे तसा पांढरा थर दिसतो. हे पीठ नव्हे. मेणचट आवरणाखाली बसून रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणांची ती वसाहत होय. याच्या मादीस जन्मात कधी पंख फुटत नाहीत, आणि रस शोषावयास बसल्यावर ती फारशी हलतही नाही. असा जवळजवळ पांगळा जीव एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो तरी कसा?

उत्तर त्याच्या बाळपणात आहे. मादी कापसासारख्या मेणतंतूंच्या पिशवीत शेकडो अंडी घालते. त्यांतून निघणारी पिले अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, परंतु सहा पायांनी बरीच चपळ असतात. वस्तू जसजशी लहान होते, तसतसे तिचे वजन तिच्या पृष्ठभागापेक्षा फार झपाट्याने घटते. म्हणूनच दगड धपकन पडतो आणि जात्याभोवतीचे पीठ हवेत रेंगाळते. पिलांचीही तीच गत. पानाच्या कडेशी आलेले पिलू झुळुकीसरशी सुटले, की वारा नेईल तिकडे जाते. कोठे उतरावे हे त्याच्या हाती नसते. बहुतेक धुळीतच मरतात; पण थोडी जरी योग्य पानावर टेकली तरी वंश चालतो. मुंग्या त्यांची ने-आण करतात ती निराळीच.

हा कीटक खाण्यापिण्यात मुळीच चोखंदळ नाही, आणि खरे संकट तेच. पपईवरून उडालेले पिलू तुतीवर, कापसावर, दारच्या जास्वंदीवर, इतकेच काय, बांधावरच्या गाजर गवतावरही सुखाने नांदते. मूळचा हा मेक्सिकोकडचा. 2008 साली तो कोइमतूर येथे प्रथम आढळला. एवढा समुद्र काही वाऱ्याने ओलांडविला नसणार. असे जीव रोपांच्या व फळांच्या वाहतुकीबरोबर येतात. वाऱ्याचे काम त्यानंतरचे, शेजाऱ्याच्या शेतापर्यंतचे. पुढे पुण्याकडील पपईच्या बागाही त्याने गाठल्या.

तमिळनाडूतील रेशीम उत्पादकांची तर मोठीच कोंडी झाली. मेणाच्या थरामुळे औषध किडीपर्यंत नीट पोचत नाही. आणि तुतीवर विष फवारावे, तर तोच पाला रेशमाच्या अळ्यांना घालावयाचा. शिवाय एकाने आपला मळा स्वच्छ केला तरी शेजारची टाकून दिलेली पपईची बाग वाऱ्याबरोबर नवी पिले धाडीतच असे.

तेव्हा 2010 साली बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून गांधीलमाशीच्या गोत्रातील, डोळ्यांस जेमतेम दिसणारे परजीवी कीटक आणविले. त्यांतील ‘असेरोफॅगस पपाये’ हा विशेष उपयोगी ठरला. त्याची मादी पिठ्या ढेकणाच्या शरीरातच अंडे घालते. आतली अळी त्याला पोखरून खाते आणि रिकामे कवच मागे टाकून नवा कीटक उडून जातो. त्याला पंख आहेत. त्यामुळे कोणी फवारणी न केलेल्या, कोणाच्याही मालकीच्या बागेत तो आपणहून पोचला, आणि काही महिन्यांत तुतीवरचे पांढरे थर ओसरू लागले.