उष्ण अणुद्रव्याचे साक्षीदार : जड क्वार्क

अणुकेंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन हे क्वार्क नावाच्या मूलकणांचे बनलेले असून ग्लुऑन हे कण त्यांना एकत्र जखडून ठेवतात. एरवी सुटा क्वार्क कधीच आढळत नाही. तथापि तापमान सुमारे पावणेदोन लाख कोटी अंशांवर, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून अधिक, गेले की हे बंधन तुटते आणि क्वार्क व ग्लुऑन यांचे एकजीव द्रव्य तयार होते. त्यास 'क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा' असे म्हणतात. विश्वाच्या आरंभी सेकंदाच्या सुमारे एक लक्षांश भागापर्यंत सर्व पदार्थ याच अवस्थेत होता, असे शास्त्रज्ञ मानतात.

हे द्रव्य प्रयोगशाळेत निर्माण करण्यासाठी जड अणुकेंद्रे प्रचंड वेगाने परस्परांवर आदळवावी लागतात. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे २००० सालापासून सोन्याच्या, तर जिनिव्हाजवळील 'सर्न' संस्थेच्या महात्वरकावर २०१० पासून शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरी घडविण्यात आल्या. परंतु हे द्रव्य इतके अल्पायुषी असते की, त्यात कोणतेही उपकरण बुडविणे अशक्य आहे. मग त्याचे गुणधर्म ओळखावयाचे कसे?

जड क्वार्कच का?

क्वार्कचे एकंदर सहा प्रकार आहेत. नेहमीच्या पदार्थात केवळ 'अप' व 'डाउन' हे हलके क्वार्क असतात. १९७४ साली 'चार्म' व १९७७ साली 'बॉटम' या जड क्वार्कांचा शोध लागला. चार्मचे वस्तुमान एका प्रोटॉनहून काहीसे अधिक, तर बॉटमचे सुमारे साडेचार पट भरते. सहावा 'टॉप' क्वार्क सर्वांत जड खरा, परंतु तो जन्मताच विघटन पावतो.

इतके जड कण प्लाझ्माच्या उष्णतेतून सहसा निर्माण होत नाहीत. ते टकरीच्या अगदी पहिल्या क्षणी जोडीने जन्मतात आणि प्लाझ्मा निवेपर्यंत त्यांची संख्या जवळजवळ कायम राहते. म्हणजे द्रव्याची संपूर्ण कहाणी त्यांनी अनुभवलेली असते. पुरात काडीकचरा सहजच वाहून जातो; पाण्याचा खरा जोर कळतो तो ओंडके हलू लागल्यावर. जड क्वार्कांचे महत्त्व असेच आहे.

प्रवाहाचा जोर

जड क्वार्क हलक्यांच्या मानाने कमी ऊर्जा उत्सर्जित करतात. प्रोटॉनांच्या टकरींत याचे प्रत्यक्ष निरीक्षण सर्नच्या 'ॲलिस' प्रयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केले. त्यामुळे प्लाझ्मातून ते फारसे न अडखळता पार होतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात चार्म क्वार्क बरीच ऊर्जा गमावतात, इतकेच नव्हे तर द्रव्याच्या प्रवाहाबरोबर वाहूही लागतात. बॉटमवर हा परिणाम कमी होतो. यावरून प्लाझ्मा हा विरळ वायू नसून घट्ट बांधलेला, अत्यल्प चिकटपणाचा द्रव आहे, या निष्कर्षास बळकटी मिळाली.

जोड्यांची ताटातूट

चार्म व प्रतिचार्म यांच्या जोडीपासून 'जे-साय' हा कण बनतो. प्लाझ्मातील सुट्या क्वार्क-ग्लुऑनांच्या गर्दीत या दोहोंमधील आकर्षण झाकले जाईल व जे-साय कणांची संख्या घटेल. ही घट हीच प्लाझ्माची खूण ठरेल, असे तेत्सुओ मात्सुई व हेल्मुट झात्स यांनी १९८६ साली सुचविले. सर्नच्या जुन्या त्वरकावर अशी घट आढळली आणि २००० साली पदार्थाच्या नव्या अवस्थेचा पुरावा मिळाल्याचे सर्नने जाहीर केले.

महात्वरकावर ऊर्जा कितीतरी अधिक असल्याने ही घट आणखी वाढावयास हवी होती. उलट ती ब्रुकहेवनपेक्षा कमी निघाली! याचे कारण असे की, तेथे चार्म क्वार्क इतक्या मोठ्या संख्येने जन्मतात की, द्रव्य निवताना एका जोडीतील क्वार्क दुसऱ्या जोडीतील प्रतिक्वार्काशी जुळतो. फुटलेल्या जोड्यांची उणीव अशी अंशतः भरून निघते. बॉटम क्वार्क संख्येने थोडे असल्याने त्यांच्यात हा प्रकार अल्प असतो. म्हणूनच 'अप्सिलॉन' कणांची साक्ष अधिक स्पष्ट ठरते. त्यांतील सैल बांधणीच्या जोड्या अधिक फुटतात, घट्ट बांधणीच्या कमी. सर्नच्या 'सीएमएस' प्रयोगाने हा क्रम दाखवून दिला.

या साक्षीचीही उलटतपासणी करावी लागते. साध्या, थंड अणुकेंद्रातूनही काही घट संभवते. ती वेगळी काढण्यासाठी प्रोटॉन व शिसे यांच्या टकरी तपासल्या जातात.

भारताचा सहभाग

जे-साय व अप्सिलॉन हे कण म्यूऑनांच्या जोडीवरून ओळखता येतात. ॲलिसमधील म्यूऑन-मापकासाठी कोलकात्याच्या साहा संस्थेने शोधकक्ष उभारण्यात भाग घेतला व 'मानस' ही इलेक्ट्रॉनिक चकती विकसित केली. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएस प्रयोगात सहभागी आहे. २०१७ साली भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला.

सुधारित ॲलिस उपकरणाने २०२२ पासून नव्याने मोजमापे सुरू केली. बॉटम क्वार्कांची हालचाल अधिक काटेकोरपणे मोजणे हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट आहे. हा सर्वांत जड ओंडका प्रवाहाबरोबर कितपत वाहतो, हे निश्चित झाल्यास विश्वाच्या आरंभीच्या त्या द्रवाचे स्वरूप अधिक अचूकपणे सांगता येईल.