तो जोर लावत नसतो

तीन वर्षांचं पोर खेळता खेळता एकदम गप्प होतं. पडद्यामागे जाऊन उभं राहतं. पायावर पाय घट्ट आवळलेले, टाचा उचललेल्या, चेहरा लालबुंद, अंग ताठ. आजी कळवळून म्हणते, "बघ गं, किती जोर लावतोय बिचारा, पण होतच नाही." घरात सगळ्यांना ते पटतं, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. तो जोर लावत नसतो. आलेली शी तो सगळी ताकद पणाला लावून परत आत ढकलत असतो. शी करायची तर माणूस उकिडवा बसतो. चवड्यांवर ताठ उभा राहत नाही.

मूल असं का करतं? एकदा कधीतरी दुखलेलं असतं. तापात पाणी कमी गेलं, आईचं दूध सुटून गाईचं सुरू झालं, डायपर सोडवायची घाई झाली, शाळेतला संडास घाण होता. कारण काहीही असेल. खडा झाला, मागच्या जागी चीर पडली, रक्ताची एखादी रेघ दिसली. मुलाने त्याच्यापुरता हिशेब केला: शी म्हणजे दुखणं. पण दाबून धरलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं. ती आणखी घट्ट होते, आणखी मोठी होते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बाहेर येताना आधीपेक्षा जास्त दुखवते. पोराचा हिशेब बरोबरच ठरतो.

असं महिनोन्‌महिने चाललं की मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक ताणून सैल पडतं. शी आल्याची जाणीव तिथून व्हायची, तीच बोथट होते. मग वरून येणारी पातळ शी त्या साचलेल्या गोळ्याच्या कडेने झिरपते आणि चड्डी खराब होते. काही घरांत हे जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं, म्हणजे आगीत तेल. काही घरांत, "एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?" असं ऐकवलं जातं. मुलाला खरोखरच कळलेलं नसतं. साचलेला मळ मूत्राशयालाही दाबतो, त्यामुळे काही मुलं अंथरूणही ओलं करतात.

अशा शंभर मुलांपैकी नव्वदहून अधिक मुलांच्या आतड्यात कुठलाही रोग नसतो. तरी काही गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगायच्या: जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांहून अधिक वेळ लागला होता का, त्रास पहिल्या महिन्यातच सुरू झाला का, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, न वाढणारं वजन, पायांतला अशक्तपणा. यातलं काही असेल तर तपासण्यांची दिशाच बदलते.

उपचाराचे दोन टप्पे असतात, आणि पहिला त्यातल्या त्यात सोपा. साचलेलं आधी बाहेर काढायचं. त्यासाठी बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात विरघळवून देतात. रोज किलोमागे एक ते दीड ग्रॅम, म्हणजे बारा किलोच्या मुलाला बारा ते अठरा ग्रॅम, तीन ते सहा दिवस. मात्रा अर्थात डॉक्टरांनीच ठरवायची. या दिवसांत घरात फार कपडे धुवावे लागतात, म्हणून सुट्टी बघून सुरू केलेलं बरं.

खरी परीक्षा त्यानंतरची. पोट मोकळं झालं, मूल आठवडाभर हसत-खेळत शी करू लागलं की घरात सूर लागतो: "आता बंद करा ते औषध, सवय लागेल." बहुतेक उपचार इथेच फसतात. ही पावडर रक्तात जवळजवळ शोषली जात नाही. शीतलं पाणी धरून ठेवून ती मऊ राखते, इतकंच. आतडं त्याने आळशी होत नाही. ताणलेलं आतडं आवळायला आणि मुलाच्या मनातलं दुखणं पुसायला आठवडा पुरत नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी 2014 मध्ये मिळून ठरवलेला नियम असा: कमी मात्रेतलं औषध निदान दोन महिने, त्यात शेवटचा महिनाभर काहीही त्रास नको, आणि मग हळूहळू कमी. पुष्कळ मुलांना सहा महिने, वर्षही लागतं.

साबणाची कांडी, एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ हे जुने उपाय प्रेमापोटीच होतात. पण ज्या जागेची मुलाला धास्ती बसली आहे, तिथेच आपण टोचतो. दोघांनी धरून शी करवलेलं पोर पुढच्या वेळी पडद्यामागे जास्त वेळ उभं राहणार.

खाण्याचं म्हणाल तर भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका हवंच. पण खडा साचलेल्या मुलाला नुसत्या पालेभाजीने बरं करायचा हट्ट नको. ब्रिटनच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की नुसत्या आहारावर उपचार सुरू करू नका. आपल्याकडे आधी दुधाकडे बघावं. दिवसाला तीन-चार पेले दूध आणि त्यात बुडवलेली बिस्किटं पोटात गेल्यावर वरण-भाताला जागा उरते कुठे? अर्धा लिटर दूध पुरे.

जेवण झालं की आतडं आपसूक हलतं. तीच वेळ साधून पाच-दहा मिनिटं बसवायचं. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवायचा, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. भारतीय संडासात हे आपोआप साधतं, पण लहानग्याला त्या भोकात पडायची भीती वाटते, ती खोटी समजू नये. साबणाचे फुगे फुंकायला द्यावेत, फुंकताना पोटाला आपोआप जोर लागतो. शाबासकी बसल्याची द्यावी, शी झाल्याची नव्हे. बसणं त्याच्या हातात आहे.

शीचे सात प्रकार चित्रांत दाखवणारा एक तक्ता आहे, ब्रिस्टलचा. पहिला प्रकार म्हणजे अगदी बकरीच्या लेंड्या, चौथा सोललेल्या केळ्यासारखा. तो संडासाच्या दारावर चिकटवला की मुलं मोठ्या उत्साहाने बोट ठेवून आकडा सांगतात. एखाद्या मावशीचा रोज येणारा "आज झाली का?" हा फोन मात्र मुलाच्या कानांपासून लांब घ्यावा.

मध्येच प्रवास होतो, दिवाळीचा फराळ होतो, जूनमध्ये शाळा सुरू होते आणि मूल पुन्हा दाबून धरू लागतं. डॉक्टरांना विचारून थोडे दिवस मात्रा वाढवावी लागते, बाईंना सांगून ठेवावं लागतं की हा विचारेल तेव्हा लगेच जाऊ द्या. आणि एखाद्या दिवशी तो पडद्याकडे न वळता, "आई, आलीये!" म्हणत चड्डी सोडतच धावत येतो, त्या दिवशीही रात्रीची पावडर चुकवायची नसते.